वजन उतरल्यावर

मालवणात बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाशी बोलणे सुरू होते ते त्याच्या अंगावरून. 'काय गो, सुकलस?' किंवा 'तब्येत सुधारली हां तुझी!' यांपैकी एक वाक्य ठरलेले. घरची, शेताची, मुंबईच्या पोरांची चौकशी त्यानंतर. तब्येत सुधारली म्हणजे वजन वाढले आणि माणूस सुकला म्हणजे काहीतरी बिनसले, हा आपल्या भाषेतला जुना हिशेब आहे. तो उगाच झालेला नाही. ज्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे महिने उकड्या तांदळाच्या पेजेवर आणि सुक्या मासळीवर काढले जात, मुंबईची मनिऑर्डर चुकली की वाण्याची उधारी वाढत असे, तिथे अंगावर मांस असणे ही खात्यापित्या घरची खूण होती. गिरणीत राबून क्षय जडलेली माणसे खंगत गावी परत येत. सुकलेल्या माणसाकडे काळजीने पाहण्याची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे.

ही सवय माझ्या वाट्याला उलट बाजूने आली. २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा माझे वजन ११६ किलो होते. साखर औषधांना दाद देत नव्हती, गुडघे शाळेचा जिना चढू देत नव्हते. दीड वर्षात वजन ७१ किलोवर आले, पुढे सावकाश ७८ झाले आणि तिथे टिकून आहे. मधुमेहाच्या चार गोळ्यांपैकी एक उरली. शस्त्रक्रियेविषयी मी समाधानी आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे लिहिणे तक्रारीसारखे वाचले जाणार नाही. अलीकडे कणकवली, कुडाळ, वेंगुर्ले इथल्या अनोळखी बायका कुणाकडून तरी माझा नंबर मिळवतात आणि विचारतात, खर्च किती आला, दुखले किती, उतरले किती? ऑपरेशननंतर त्या नव्या अंगात राहायला कसे वाटते, हे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर खर्च आणि दुखणे काही महिन्यांत मागे पडते. नव्या अंगात राहणे जन्मभराचे असते. हा लेख त्याविषयी आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे पोटावरची चरबी कापून काढणे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो खरा नाही. चरबीला हातच लावत नाहीत. बदल करतात तो जठरात आणि आतड्यात. १९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी वजन उतरवण्यासाठी जठराला वळसा देणारी पहिली शस्त्रक्रिया केली. आज सर्वांत जास्त केल्या जाणाऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्या प्रकारात जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच लहान छिद्रे पडतात आणि रुग्ण दोन-चार दिवसांत घरी जातो. हे घरी जाणे इतके लवकर होते, की सारे संपले असेच घरच्यांना वाटते.

ही शस्त्रक्रिया कोणी करावी याचे निकष आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या निकषानुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा, ४० च्या वर असावा, किंवा मधुमेहासारखा आजार जोडीला असेल तर ३५ च्या वर. २०२२ मध्ये या विषयातील दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा खाली आणली आणि आशियाई लोकांसाठी ती आणखी खाली ठेवली. त्यामागचे एक कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतो तेव्हाही आतून चरबी बाळगून असतो, हे त्या एका फोटोने जगाला पटवले. केवळ नजरेने माणसाचे आरोग्य ठरवता येत नाही, याचा याहून सोपा पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या राज्यात ही शस्त्रक्रिया घराघरांत ठाऊक झाली ती २०११ मध्ये. त्या वेळी भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष असलेल्या नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली आणि ती लपवली नाही. २०१४ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर मधुमेहापोटी दिल्लीत अशी शस्त्रक्रिया झाली. पुरुष पुढाऱ्याने ती करून घेतली तर तो प्रकृतीची काळजी घेतो, असे म्हटले जाते. बाईने करून घेतली तर प्रश्न येतो, 'आता या वयात कोणासाठी?' जगभर या शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त आहे, आणि आपल्याकडे त्यांतल्या अनेकजणी 'पित्ताशयाचे ऑपरेशन झाले' असे सांगून वेळ मारून नेतात. लग्नाची मुलगी असेल तर घरचेच बजावतात, 'कोणाक सांगा नको.'

लपवण्याचे एक कारण म्हणजे आयता मार्ग धरल्याचा ठपका. तोंड आवरले असते, चार फेऱ्या मारल्या असत्या, तर पोट कापायची वेळ आली नसती, असे सुशिक्षित माणसेही बोलतात. व्यायाम आणि आहार यांचे महत्त्व कोणी नाकारत नाही. पण फार वाढलेले वजन केवळ निश्चयाच्या जोरावर उतरवून वर्षानुवर्षे टिकवणे बहुतेकांना जमत नाही, कारण शरीर स्वतःच विरोधात जाते. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन हे भूक चाळवणारे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठरात तयार होते. उपासाने वजन उतरवले की ते रक्तात वाढते आणि माणूस सतत भुकेला राहतो. जठराचा तो भाग काढला की ते कमी होते. म्हणजे शस्त्रक्रिया माणसाला निश्चय देत नाही, पण निश्चयाला टिकाव धरता येईल इतपत भूक खाली आणते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर जे करावे लागते ते पाहिले तर 'आयता' हा शब्द कोणी वापरणार नाही.

पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, मग महिन्या-दीड महिन्याने नेहमीचे अन्न, तेही चहाच्या बशीत मावेल एवढे. प्रत्येक घास चावून चावून गिळायचा. जेवताना पाणी प्यायचे नाही. पाणी अर्ध्या तासाने. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, आणि एवढ्याशा पोटात ती बसवायची म्हणजे भाताला दुय्यम जागा द्यावी लागते. या बाबतीत आम्ही किनाऱ्यावरची माणसे नशीबवान. उकडलेला बांगडा, तिसऱ्यांचे सुके, अंडे, कुळथाची पिठी यांवर माझे पहिले वर्ष निघाले. पण जत्रेतले खाजे किंवा पातोळ्यांमधला गूळ हावरेपणाने खाल्ला की घाम फुटतो, छाती धडधडते, आडवे व्हावे लागते. गोड पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरल्याचा तो परिणाम, आणि बायपास झालेल्यांना तो अधिक होतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि त्यांच्या रक्ततपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. त्या बंद केल्या तर रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात, हाडे ठिसूळ होतात.

गोळ्या घेता येतात. जेवणाच्या पंगतीचे काय करायचे? आपल्याकडे माया दाखवायची ती वाढून. चतुर्थीला आलेला पाहुणा दोन घास खाऊन उठला तर घरच्या बाईच्या हाताला चव नाही असा अर्थ निघतो. सागोतीबरोबर एकच वडा घेतला की, 'आणि येक वडो तरी घे, इतक्यान काय होतला?' हे तीन तोंडांतून येते. म्हाळाच्या जेवणाला तर पितरांचाच मान मध्ये येतो. नको म्हणणे म्हणजे माणसालाच नको म्हणणे, ही समजूत इतकी खोल आहे की पहिल्या वर्षी मी काही घरांत जाणेच टाळले. ज्या बाईने चाळीस वर्षे घरात वाढले, तिला आपल्याच ताटात कमी वाढून घेताना अपराध्यासारखे वाटते. त्यातच जेवण हा आजवरचा विरंगुळा असतो. राग आला, एकटे वाटले, शाळेत काही घडले, की डब्यातले काहीतरी तोंडात टाकायचे. तो आधार एका दिवसात जातो, पण ज्या कारणांसाठी तो घेतला होता ती कारणे घरात तशीच असतात.

तिसऱ्या महिन्यात केस गळू लागले. हे बहुतेकांना होते. शरीराला बसलेला धक्का आणि उतरते वजन ही त्याची कारणे, आणि सहा-आठ महिन्यांत केस परत येतात. पण आंघोळीच्या मोरीत मूठभर केस पाहताना ही माहिती कामाला येत नाही. मग लोंबणारी कातडी. वजन उतरते, पण वर्षानुवर्षे ताणलेली कातडी त्याच्याबरोबर आत जात नाही. दंडाखाली, पोटावर, मांड्यांवर ती दुमडून राहते. आमच्या दमट हवेत त्या घड्यांमध्ये घाम साचतो, मे महिन्यात तिथे खाज सुटते, कधी बुरशी होते. रोज घड्या धुऊन कोरड्या करणे हे एक कामच होऊन बसते. ही कातडी शस्त्रक्रियेने काढता येते, पण ती सौंदर्याची बाब मानली जात असल्यामुळे विमा कंपन्या सहसा खर्च देत नाहीत. मूळ शस्त्रक्रियेची स्थिती तुलनेने बरी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमांत स्थूलतेच्या शस्त्रक्रियेला बीएमआय आणि सोबतच्या आजाराच्या अटींवर वाट ठेवली आहे. म्हणजे वजन उतरवणे हा उपचार आणि उतरलेल्या वजनाने मागे ठेवलेले अंग ही हौस, अशी ही विभागणी आहे. कपड्यांत मी आटोपशीर दिसते. कपड्यांखाली काय आहे ते मला आणि माझ्या नवऱ्यालाच ठाऊक. अनेक तरुण मुलींना त्यामुळे लग्नाची धास्ती वाटते, आणि ती धास्ती त्या कोणाजवळ बोलत नाहीत.

सगळ्यांत उशिरा बदलते ती स्वतःची नजर. वजन चाळीस किलोंनी उतरल्यावरही मी दारातून आडवी होऊन जात होते. एसटीत तिघांच्या बाकावर दोन माणसे बसलेली असली तर मी उभीच राही; आपण तिथे मावणार नाही हे मनाने गृहीतच धरलेले. दुकानात हात आपोआप सर्वांत मोठ्या मापाकडे जाई. आरशात बारीक बाई दिसे आणि डोळे मिटले की जुनीच. याला शास्त्राने जागा दिलेली आहे. १९११ मध्ये लंडनचे मेंदूतज्ज्ञ हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स यांनी मांडले, की मेंदूत आपल्या शरीराचा एक नकाशा सतत तयार असतो आणि आपण हालचाल करतो ती त्या नकाशाप्रमाणे. टोपीत पीस खोवणाऱ्या बाईच्या नकाशात ते पीसही धरलेले असते, असे उदाहरण त्यांनी दिले. डोक्यावरच्या पिसाची सवय व्हायला जर वेळ लागत असेल, तर तीस वर्षे वागवलेले चाळीस किलो विसरायला एक-दोन वर्षे लागली तर नवल नाही. पुढे मानसशास्त्रज्ञांनी या नकाशाला भावनेची बाजूही जोडली. लहानपणी वर्गात मिळालेली नावे, लग्नाच्या वेळी नाकारलेली स्थळे, फोटोत मागे उभे राहण्याची सवय, हे सारे त्यात असते. यातले काहीही काट्यावर मोजता येत नाही आणि काट्याबरोबर उतरतही नाही.

लोकांची नजर दुसऱ्या टोकाला असते. ती फार लवकर बदलते आणि बोलूनही दाखवते. पहिल्या सहा महिन्यांत मला क्षय, कावीळ, साखर आणि कर्करोग असे चार आजार बाजारात लावले गेले. एका बँकेत आधार कार्डावरचा फोटो आणि समोरची बाई यांचा मेळ बसेना म्हणून मला अर्धा तास बसवून ठेवले. याचे मी हसू करू शकते. कौतुक मात्र जड जाते. 'आता कशी माणसात इलस!' हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते, पण ऐकणाऱ्याच्या मनात येते, म्हणजे याआधीची पंचेचाळीस वर्षे मी कशात होते? जी माणसे पूर्वी माझ्याशी नजर न मिळवता बोलत ती आता वळून थांबतात. ज्ञान तेच, स्वभाव तोच, शिकवणे तेच. बदलले ते फक्त अंग, आणि त्याबरोबर वागणूक बदलते हे कळल्यावर माणसावरचा विश्वास काही काळ डळमळतो. वर्गातल्या जाड मुलीने मला एकदा विचारले, 'बाई, तुम्हाला आता बरे वाटते का?' गावातल्या सगळ्या चौकश्यांत सरळ उत्तर द्यावे असा तो एकच प्रश्न होता. मी तिला सांगितले, गुडघ्यांना फार बरे वाटते, बाकीचे शिकते आहे.

घरातही बदल होतो. आधी जाडेपणामुळे घरातली कामे आणि बोलणी मुकाट सोसणारी बाई वजन उतरल्यावर कधी कधी उलट बोलू लागते, एकटी प्रवासाला निघते. नवऱ्याला, सासूला हे नवे असते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाच्या आधारे २०१८ मध्ये असे दाखवले गेले, की शस्त्रक्रियेनंतर एकट्या असलेल्यांनी लग्न करण्याचे किंवा नवे नाते जोडण्याचे प्रमाण वाढते, आणि आधीच जोडीदार असलेल्यांत विभक्त होण्याचे किंवा घटस्फोटाचे प्रमाणही वाढते. आपल्याकडे घटस्फोटापर्यंत गोष्ट जाणार नाही कदाचित, पण तिढा तोच असतो. घरात वागण्याचा जो तोल बसलेला असतो, त्यात एका माणसाच्या अंगाचाही हिशेब असतो.

याच स्वीडिश अभ्यासाने शस्त्रक्रियेचा फायदाही ठामपणे दाखवला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी होते. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे ३२ टक्के उतरले आणि दहा वर्षांनंतरही २५ टक्क्यांची घट टिकून होती. म्हणजे थोडे वजन परत येणे हा नियमच आहे, आणि ते आले म्हणजे आपण हरलो असे मानण्याचे कारण नाही. पण दुसऱ्या बाजूचेही आकडे आहेत. अमेरिकेतील २०१२ च्या एका अभ्यासात दारूच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेले. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते, आणि अन्नाचा विरंगुळा गेलेला माणूस दुसरा शोधतो. गोव्याला लागून असलेल्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट पुरुष रुग्णांना स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आठ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. तिच्यात स्वतःला इजा करून घेऊन रुग्णालयात येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झालेले दिसले, आणि यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या होत्या. अशी वेळ थोड्यांवरच येते. पण ती कधी येते हे पाहावे. टाके केव्हाच सुकलेले असतात, वजन उतरायचे थांबलेले असते, कौतुक ओसरलेले असते आणि डॉक्टरांकडे जाणेही बंद झालेले असते, नेमकी तेव्हा.

आपण पाहतो ते फक्त किलो. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाची इमान अहमद ही तरुणी मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली. जगातील सर्वांत वजनदार स्त्री असे तिचे वर्णन होत होते आणि दोन दशकांहून अधिक काळ ती घराबाहेर पडली नव्हती, असे तिचे कुटुंबीय सांगत होते. मार्चमध्ये सैफी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर रुग्णालय रोज किती किलो उतरले ते सांगत होते आणि तिची बहीण त्या आकड्यांवर जाहीर शंका घेत होती. मे महिन्यात इमानला अबू धाबीला हलवले, आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिचा मृत्यू झाला. तिच्या वजनाविषयी वर्तमानपत्रांतून इतके वाचले, पण छतापलीकडे दोन दशके काही न पाहिलेल्या बाईला मुंबईचे आकाश पाहून काय वाटले, याची ओळही मला आठवत नाही. त्याच फेब्रुवारीत मध्य प्रदेशातील एका लठ्ठ पोलीस निरीक्षकाचा फोटो मुंबई महापालिका निवडणुकीच्या बंदोबस्ताची थट्टा म्हणून देशभर फिरला. तो माणूस मुंबई पोलिसांतला नव्हताच, आणि आपले वजन आजारपणातून वाढल्याचे त्याने सांगितले. पुढे मुंबईतच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. थट्टेतून उपचार मिळाला, असे म्हणून समाधान मानणारे अनेक भेटले. चव्हाट्यावर हसे झाल्याशिवाय आजारी माणसाला उपचार मिळू नये, ही समाधानाची गोष्ट कशी?

वजन उतरवण्याच्या औषधांनीही हा प्रश्न आता मोठा केला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शने भारतात आली. पोट न कापता झपाट्याने वजन उतरवणारी माणसे यापुढे गावोगाव दिसतील. कातडी त्यांचीही सैल पडणार, पंगतीत त्यांनाही आग्रह होणार, आरशातला गोंधळ त्यांनाही भोगावा लागणार. फरक इतकाच, की त्यांच्यापैकी अनेकांच्या पाठीशी शस्त्रक्रियेच्या रुग्णाइतकीही डॉक्टरांची फळी नसेल.

मग करायचे काय? पहिली गोष्ट शस्त्रक्रियेआधीची. डॉक्टरांशी बोलताना किती किलो उतरतील याबरोबर पुढची पाच वर्षे कोण पाहणार, हे विचारावे. मानसोपचारतज्ज्ञाची भेट ही सही घेण्यापुरती उरकू देऊ नये. निराशा, दारू, खाण्याशी जडलेले दुःख यांविषयी तिथे मोकळेपणाने बोलावे. मूल हवे असलेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने थांबावे लागते, हे लग्न ठरवण्याआधी समजून घ्यावे. आणि त्या बैठकीला घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत न्यावी, कारण पुढे आग्रह तिला आवरायचा असतो.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. सिंधुदुर्गातले रुग्ण या शस्त्रक्रियेसाठी मुंबई, गोवा, कोल्हापूर, बेळगाव गाठतात, ते ठीक. पण दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला आणि आहार विचारायला कोकणकन्येची रात्र काढून मुंबईला जाणे किती जणांना परवडणार? दोन वर्षांत ते थांबते, आणि गरज तर तेव्हाच जास्त असते. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रिया इथे होवो न होवो, महिन्यातून एक दिवस वजन उतरवलेल्या रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालवणे, त्यात एक आहारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक बसवणे, यासाठी नवी इमारत लागत नाही. अशा दिवशी रुग्णांनी एकमेकांना भेटणे हाही उपचारच ठरेल. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. रुग्णाला घरी सोडताना गोळ्यांच्या यादीखाली हा क्रमांक लिहून द्यायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट आपली सर्वांची, आणि ती फुकट आहे. माणसाचे अंग आणि माणूस यांत फरक करायला हा प्रदेश मुळीच अडाणी नाही. दहिकाल्याच्या रात्री देवळासमोर मिशा काढलेला दशावतारी द्रौपदी होऊन उभा राहतो आणि सारे गाव त्याच्या दुःखात रडते. सकाळी तोच माणूस लुंगी लावून चहाच्या टपरीवर दिसतो आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. रापणीचा दोर ओढताना शेजारचा जाड की बारीक हे कोणी पाहत नाही, त्याचा हात दोराला आहे ना एवढे पाहतात, आणि वाटा त्यावर ठरतो. मी स्वतः सावरले ती अशाच हिशेबाने. आरशासमोर उभे राहणे कमी केले आणि शरीर काय करू शकते त्याची नोंद ठेवू लागले. शाळेचा जिना न थांबता चढले. चिवल्याच्या वाळूत एक टोक ते दुसरे टोक चालले. किल्ल्याच्या होडीत कोणाचा हात न धरता उतरले. या नोंदींनी माझ्या मेंदूतला नकाशा सर्वांत जास्त दुरुस्त केला.

तेव्हा यंदा चतुर्थीला चाकरमानी येतील, कोणी सुकलेला असेल, कोणी सुटलेला. त्याच्या अंगावरून बोलणे सुरू करण्याऐवजी प्रवास कसा झाला ते विचारावे. ताटात त्याने जेवढे मागितले तेवढे वाढावे आणि जेवण संपेपर्यंत त्याच्याजवळ बसावे.